डेंगळा मोडावा की ठेवावा?

माघाची थंडी जरा ओसरली, की परसातल्या कांद्याच्या वाफ्यात एक आगंतुक डोकं वर काढतो. पातीच्या मधोमध जाड, पोकळ, ताठ दांडा आणि त्याच्या टोकाला पातळ कागदी टोपी घातलेली कळी. हाच तो डेंगळा. कुणी त्याला डोंगळा म्हणतं. तो दिसला, की घराघरांतून वेगवेगळी मतं ऐकू येतात. थोरली म्हणते, 'मोडून टाक वं बाई, कांदा फुकट जाईन.' धाकटी म्हणते, 'काबरं मोडता? येऊ द्या ना फूल, किती छान दिसते!' आणि शेजारची भिंतीवरून डोकावून तिसरंच सांगते, 'राहू द्या, बी तरी होईन.' तिघींचं बोलणं संपेपर्यंत कुकरची शिट्टी होते, पोरांची शाळेची वेळ होते, आणि डेंगळा आपला वाढतच राहतो. चैत्रात कांदा उपटून चिरायला घेतला, की आत लाकडासारखा गाभा निघतो. मग 'यंदा कांदा काही जमला नाही' असं म्हणून आपण मोकळ्या.

मला विचाराल तर परसबागेतलं सगळ्यात दुर्लक्षित काम हेच आहे, खुडण्याचं आणि मोडण्याचं. लावण्याचं कौतुक होतं. 'अगं, किती छान वाफा केलास!' असं येणारी-जाणारी म्हणते. पण काय मोडायचं, कधी मोडायचं आणि काय मुद्दाम ठेवायचं, हे ठरवणारीचं कौतुक कुणी केलेलं मी तरी ऐकलं नाही. आणि खरी अक्कल लागते ती तिथेच.

आधी हा डेंगळा येतो काबरं, ते बघू. कांदा हे मुळात दोन वर्षांचं पीक. पहिल्या वर्षी तो जमिनीत आपली शिदोरी बांधतो. ती शिदोरी म्हणजेच आपण खातो तो कांदा. दुसऱ्या वर्षी त्या शिदोरीच्या जोरावर तो फुलतो, बी धरतो आणि संपतो. पण कधी कधी पहिल्याच हंगामात त्याची गफलत होते. रोप फार जुनं, पेन्सिलीएवढं जाड झालेलं लावलं, लागवड फार लवकर केली, नाहीतर थंडीचा कडाका लांबला, की रोपाला वाटतं, झालं एक वर्ष, आता फुलायला हवं. जातीचाही प्रश्न असतो. पावसाळ्यात लावायची जात आपण हिवाळ्यात लावली, तर डेंगळे आणि जोडकांदे दोन्ही जास्त येतात. म्हणून रब्बीसाठी एन-२-४-१ सारखी रब्बीचीच जात घ्यावी, असं कृषी विद्यापीठं कितीतरी वर्षं सांगत आली आहेत. बाजारात रोपाची जुडी विकत घेताना 'कोणती जात?' एवढं विचारायला आपल्याला पैसे पडत नाहीत. पण विचारतो कोण?

एकदा डेंगळा निघाला, की झाडाचा सगळा जीव तिकडे जातो. तुळशीला मंजिऱ्या आल्या, की आपण त्या खुडतो ना? सासूबाईंनी, आईनं सांगितलेलं असतं, 'मंजिऱ्या खुडत जा, नाहीतर तुळस वाळते.' त्यामागचं कारण तेच. बी धरलं, की झाडाला आपलं काम झालं असं वाटतं. मंजिऱ्या खुडल्या, की ते पुन्हा पानं धरतं, डेरेदार होतं. तुळशीच्या बाबतीत हे ज्ञान प्रत्येकीच्या हातात आहे. मग कांद्याच्या वाफ्यापाशी आलो, की आपण का गोंधळतो?

आता लसणाकडे येते. कारण हल्ली मोबाइलवर बघून कितीतरी मुली विचारतात, 'काकू, आमच्या लसणाला तो गोल वळलेला दांडा का येत नाही? तो कापला, की गड्डा मोठा होतो म्हणे.' बरोबर आहे. तसा लसूण असतो. थंड मुलखात, जिथे हिवाळे कडक आणि उन्हाळ्यातले दिवस लांब, तिथल्या लसणाच्या एका प्रकाराच्या मधोमध टणक दांडा येतो. तो वर येऊन शेळीच्या शिंगासारखा गोल वळतो. त्याचं पहिलं वेटोळं पडलं, की तो कोवळा असतानाच बायका मोडून घेतात. गड्डा अधिक भरतो आणि दांड्याची भाजी होते, असा दुहेरी फायदा. चीनमध्ये, कोरियात तर हे दांडे बाजारात जुड्या बांधून विकतात, आपल्याकडे गवार-शेंगा विकतात तसे.

पण आपल्या मैदानी मुलखातल्या लसणाचा दांडा सहसा येतच नाही. आपल्या जाती लहान दिवसांच्या. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयानं काढलेल्या भीमा ओंकार, भीमा पर्पल घ्या, नाहीतर घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला गावरान लसूण घ्या, पानं पिवळी पडून माना टाकतात आणि गड्डा तयार होतो. मध्ये दांडा नाही, म्हणून तर आपल्याला लसणाच्या वेण्या घालून टांगता येतात. कधीमधी पाण्याचा ताण बसला, हवामान बिघडलं, तर पातीच्या बुंध्यातच छोट्या छोट्या पाकळ्यांचा गोळा फुगलेला दिसतो. तो दांडा व्हायला निघालेला आणि अर्ध्यातच राहिलेला. त्याला घाबरायचं कारण नाही. त्या बारीक पाकळ्याही लावता येतात, फक्त त्यांचा नीट गड्डा व्हायला एक-दोन हंगाम जास्त जातात. म्हणून मुलींनो, न येणाऱ्या दांड्याची वाट बघत बसू नका. दुसऱ्याच्या हवेतलं काम आपल्या हवेत करायला गेलं, की हात रिकामाच राहतो.

आपल्या लसणाचा खरा प्रश्न वेगळाच आहे. आपण पात कापतो. आज ठेच्याला चार पाती, उद्या डाळीच्या फोडणीला चार, परवा भरतात. आणि खान्देशात भरीत म्हणजे काय ते सांगायला नको. जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते मानांकन मिळायच्या कितीतरी आधीपासून काट्याकुट्यांच्या, पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून, वरून मूठभर कांद्याची पात आणि हिरवी मिरची-लसूण घालणाऱ्या बायकाच होत्या. ते सगळं ठीक. पण लसणाचं एकेक पान म्हणजे खालच्या गड्ड्याची चूल असते. पान उन्हात अन्न शिजवतं आणि ते खाली पाकळ्यांत साठतं. चूलच रोज थोडी थोडी पाडली, तर गड्डा भरायचा कशानं? शेवटी वाटाण्याएवढ्या पाकळ्या निघतात आणि आपण म्हणतो, 'आपल्या मातीत लसूण होत नाही.' मातीचा काही दोष नसतो बिचारीचा.

यावर माझा साधा उपाय आहे. पातीचा लसूण वेगळा आणि गड्ड्याचा लसूण वेगळा. जुन्या टबात, फुटक्या घमेल्यात, तेलाच्या कापलेल्या डब्यात दाटीनं पाकळ्या लावायच्या, त्या पातीसाठी. त्यांची पात बिनधास्त कापा, पुन्हा फुटेल, पुन्हा कापा. आणि वाफ्यातला लसूण, जो नीट अंतर ठेवून, टोक वर करून लावलाय, त्याच्या पानाला हात लावायचा नाही म्हणजे नाही. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवायचं. नवऱ्यालाही. त्यांना भज्यांची आठवण झाली, की ते थेट वाफ्यात शिरतात!

तुम्ही म्हणाल, दोन टब लसणाचं एवढं काय घेऊन बसलीस? तर सांगते. बोदवड आणि पाणीटंचाई यांचं नातं जुनं आहे. इथल्या बाईला नळाला पाणी कधी येणार, हे सणवारांपेक्षा जास्त पाठ असतं. टाकी, ड्रम, हंडे, कळश्या भरून ठेवायच्या आणि पुढचे किती दिवस ते पुरवायचं, हा हिशेब तिचा. अशा घरात परसबाग करायची, तर डाळ-तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी बाजूला काढून ठेवावं लागतं. साबणाचं पाणी पातीच्या भाज्यांना नकोच. तांब्या-तांब्यानं वाढवलेला तो लसूण असतो. ज्यांच्याकडे पाईप सोडून दिला की वाफा भरतो, त्यांचा एक डेंगळा गेला काय आणि राहिला काय. आपल्याला मात्र प्रत्येक तांब्या कशाच्या मुळाशी गेला, याचा विचार करावा लागतो. जो कांदा पुढे टिकणारच नाही, त्याला महिनाभर पाणी घालत बसायचं का? हा प्रश्न चैनीचा नाही.

आणि भावाचं म्हणाल, तर २०२४ साल कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षी किरकोळ बाजारात लसणानं किलोला ४०० रुपयांची पायरी गाठली. घराघरांतून लसूण मोजून, पाकळ्या गणून फोडणीत पडत होता. कांद्याचं तर आणखी विचित्र. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. पिकवणाऱ्याच्या घरातली बाई भाव पडला म्हणून रडते आणि विकत घेणाऱ्या घरातली बाई भाव चढला म्हणून. आपल्या तालुक्याच्या गावात तर एकाच घरात दोघी असतात. सासर कांदा पिकवणारं आणि आपण गावात बिऱ्हाड करून कांदा विकत घेणाऱ्या! परसातल्या चार वाफ्यांनी हा बाजार काही बदलत नाही, हे मलाही कळतं. पण फोडणीपुरता लसूण, पोह्यांवर टाकायला कांदा घरचा असला, की भाजीवाल्यापुढे उभं राहताना मान जरा ताठ राहते. तेवढं तर आपल्या हातात आहे.

तर मग, डेंगळा मोडावा की ठेवावा? माझं मत असं, की पहिल्या हंगामात घाईनं आलेला डेंगळा मोडावाच. तो वीतभर उंच आणि कळीची टोपी अजून बंद असतानाच, खाली पातीजवळ हातानं मोडायचा. दव वाळल्यावर, उन्हाच्या वेळी मोडला, तर मोडलेली जागा लवकर सुकते. तो फेकायचा नाही. कोवळा दांडा आणि बंद कळ्या बारीक चिरून, तेलात मोहरी-जिऱ्याची फोडणी करून, बेसन पेरून केलेली भाजी कळण्याच्या भाकरीबरोबर काय लागते, ते एकदा करून बघाच. मुगाची भिजलेली डाळ घालूनही होते. दांडा जून झाला, की मात्र तो चावून चोथा होतो, म्हणून उशीर करायचा नाही.

पण एक भ्रम काढून टाकते. डेंगळा मोडला म्हणजे तो कांदा पहिल्यासारखा झाला, असं नाही. दांडा कांद्याच्या पोटातूनच निघालेला असतो. वरून मोडला, तरी आतला गाभा तिथेच राहतो. कांदा थोडा भरतो, पण साठवणीचा होत नाही. मधल्या पोकळीतून ओल जाते आणि तो आधी सडतो, शेजारच्या चांगल्या कांद्यांनाही सडवतो. म्हणून डेंगळा मोडलेल्या रोपाला खूण करून ठेवायची. साधी काडी रोवली तरी चालते. ते कांदे आधी काढायचे, आधी खायचे. वर्षाच्या साठवणीत त्यातला एकही जाऊ द्यायचा नाही. ही खूण न करता सगळे कांदे एकत्र टांगले, की श्रावणात अर्धे फेकायची वेळ येते.

आता शेजारच्या मावशींचं, 'बी तरी होईन.' होतं की बी, का नाही होणार! पण ते बी धरायचं का, हा खरा प्रश्न. जो कांदा पहिल्याच वर्षी घाईनं फुलला, त्याच्या बियांतही तीच घाई उतरते. त्याचं बी पेरलं, की पुढच्या वर्षी डेंगळे आणखी जास्त. बी धरायचं असेल, तर ते अशा कांद्याचं, जो वेळेवर काढला, ज्यानं सगळा उन्हाळा आणि सगळा पावसाळा काढला, न सडता, न फुटता. तसे आठ-दहा चांगले, एकसारखे कांदे निवडून दिवाळीच्या सुमारास पुन्हा मातीत लावायचे. त्यांना माघ-फाल्गुनात जे डेंगळे येतील, ते मात्र जिवापाड जपायचे. त्यांच्यावर मधमाश्या येतील, फुलांचे पांढरे गोंडे भरतील, आणि काळं कुळकुळीत बी तयार होईल. मधमाशी मात्र कुंपण ओळखत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा कांदा फुललेला असेल, तर बी मिसळणार, हे लक्षात ठेवा. कांद्याचं बी फार टिकतही नाही. एका वर्षातच त्याची उगवण घसरते, म्हणून आलेलं बी त्याच हंगामात पेरायचं, उरलेलं वाटून टाकायचं.

म्हणजे बघा, दिसायला डेंगळा एकच. पण एक मोडायचा आणि एक जपायचा. दोन्हींतला फरक रोपाकडे नुसतं बघून कळत नाही. ते रोप कधी लावलं, कशातून आलं, आधीच्या पावसाळ्यात त्याचं काय झालं, हे जिला माहीत आहे, तिलाच तो कळतो. यालाच मी ज्ञान म्हणते.

लसणाचं तर आणखीच वेगळं. लसणाला आपल्याकडे पेरण्याजोगं बी धरतच नाही. त्याचा वंश चालतो तो पाकळीवरच. म्हणजे आज तुमच्या वाफ्यात जो गावरान लसूण आहे, तो कुणीतरी कुणाच्या तरी ओटीत, पदरात, पिशवीत घालून दिला, दरवर्षी लावला, म्हणूनच आहे. एका वर्षी घरात सगळा खाऊन संपवला, की ती जात त्या घरातून गेली. आणि इथे आपली एक जुनी सवय आडवी येते. मोठे गड्डे खायला आणि बारीक उरलेसुरले लावायला! काटकसर म्हणून हे बरं वाटतं, पण दरवर्षी बारीक लावून दरवर्षी आणखी बारीकच पदरात पडतं. लावायला सगळ्यात मोठ्या गड्ड्याच्या बाहेरच्या, भरलेल्या पाकळ्या ठेवायच्या. मधल्या बारीक फोडणीला घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव आज सगळीकडे आहे, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गावरान बियाणं जपलं, निवडलं आणि वाटलं, हे त्यांचं काम. ते घरच्या परसातूनच सुरू झालं होतं, हे विसरू नका.

आता जरा परसातून बाहेर, शेतात येऊ. कारण हीच खुडण्या-मोडण्याची कामं शेतात केली, की त्यांना एक खास नाव मिळतं, 'बायकांचं हलकं काम'. शनिवारी शिरसाळ्याच्या मारुतीला जाताना रस्त्याच्या कडेला हरभऱ्याचे शेंडे खुडणाऱ्या बायका दिसतात. कमरेत वाकून दिवस काढायचा. हरभऱ्याच्या आंबेनं बोटं चरचरतात, भेगा पडतात. शेंडा किती खुडायचा, हे प्रत्येक झाडापाशी ठरवायचं. वेळेत खुडला, की फांद्या फुटतात, घाटे वाढतात. उशिरा, फुलं लागल्यावर खुडला, तर उत्पन्नच खुडलं म्हणून समजा. म्हणजे घरात येणारं धान्य त्या बोटांवर ठरतं. कापूस वेचणं, मिरची तोडणं, कांद्याची पात कापणं, सगळं तसंच. आणि मजुरी? फवारणी, नांगरणी ही 'जड' कामं म्हणून पुरुषाला जास्त, आणि ही 'हलकी' म्हणून बाईला कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७चा, तिथे बाई-पुरुष असा मजुरीत भेद नाही. दगड-मातीच्या कामाला जो न्याय लागू झाला, तो शेंडा खुडणाऱ्या बोटांना अजून गावोगाव मिळालेला नाही. काम हलकं की जड, हे कुणाच्या हातानं ते होतं यावरून ठरत असेल, तर तो तराजूच खोटा आहे.

१९८६ सालच्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्याच मुलखात, चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. खेड्यापाड्यांतून प्रचंड संख्येनं बायका आल्या होत्या. त्यातूनच पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक आली, आणि शरद जोशींच्या सांगण्यावरून कितीतरी शेतकऱ्यांनी जमिनीचा काही हिस्सा बायकोच्या नावावर केला. आज इतक्या वर्षांनी, संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय. चांगलंच आहे. पण आपल्या गावात 'शेतकरी कोण?' असं विचारलं, तर बोट अजून सातबाऱ्यावर नाव असलेल्या माणसाकडेच जातं. बाई 'शेतात जाते', पुरुष 'शेती करतो'. भाषेतला हा एवढासा फरक किती काही गिळून बसलाय!

सातबारा आज संध्याकाळपर्यंत बदलणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तोवर आपल्या परसातली सत्ता तरी आपण पूर्ण वापरावी, असं मला वाटतं. तिथे कुणाची सही लागत नाही. काय लावायचं, काय मोडायचं, कुणाचं बी धरायचं, हे आपण ठरवतो. पण ते ठरवून करावं. घाईत, विसरून, 'बघू नंतर' करत झालेलं काम हे ठरवलेलं काम नसतं. आणि आपणच आपल्या कामाला 'अगं, काही नाही गं, थोडा हिरवा पाला लावलाय' असं म्हणत राहिलो, तर दुसऱ्यानं त्याला जड का म्हणावं?

म्हणून एक सुचवते. घरात दुधाचा, गॅसचा हिशेब लिहायची वही असतेच. तिच्या शेवटच्या दोन पानांवर परसाचा हिशेब लिहा. लसूण कधी लावला, कुणाकडून आणला, किती पाकळ्या लावल्या. रोपाची जात कुठली. पहिला डेंगळा कुठल्या तारखेला दिसला, किती मोडले. कांदे कधी काढले, किती टिकले, किती सडले. दोन-तीन वर्षं एवढं लिहिलं, की तुमच्या अंगणाचं, तुमच्या मातीचं, तुमच्या हवेचं जे पुस्तक तयार होईल, ते कुठल्याच दुकानात मिळणार नाही. आमच्या आज्यांना हे सगळं तोंडपाठ होतं, पण त्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर तेही गेलं. त्यांना लिहिता येत नव्हतं. आपल्याला येतं.

मुलाबाळांनाही त्यात ओढा. मुलाच्या हातात सुद्धा काडी द्या, मुलीच्याच नको. 'डेंगळा आलेल्या रोपाशी काडी रोव' हे काम सहावीतला मुलगा सहज करतो, आणि ते करता करता कांदा दोन वर्षांचा असतो, हे त्याला पुस्तकाशिवाय कळतं. मुळ्याचा एखादा दांडा मुद्दाम वाढू द्या. त्याला फुलं येतील, मग कोवळ्या डिंगऱ्या लागतील, त्यांची भाजी करा. म्हणजे मुलांना हेही कळेल, की प्रत्येक दांडा मोडायचाच असतो असं नाही. काही दांडे वाढू दिले तरच घास मिळतो.

मैत्रिणींनो, ज्या घरात चार कुंड्यांनाही जागा नाही, तिथे हे वाचून कुणी मन खट्टू करू नका. खिडकीतल्या एका डब्यात पाच पाकळ्या लावल्या, तरी पाती येतात. आणि तेवढंही नसेल, तर बाजारात लसूण घेताना, रोपाची जुडी घेताना विकणारीला विचारा, 'मावशी, हा कुठला? जात कोणती? बी तुमचं घरचं का?' बहुतेक वेळा विकणारीही बाईच असते, आणि तिला हे विचारणारं कुणी भेटत नाही. तिच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं. पाच मिनिटं थांबलात, तर घासाघीस केल्यानं वाचतील त्या दोन रुपयांपेक्षा जास्त घेऊन घरी जाल.

यंदा डेंगळा दिसला, की मोडा, त्याची भाजी करा, रोपाशी काडी रोवा आणि वहीत तारीख लिहा. आणि कुणी विचारलं, 'काय करता वं बाई परसात दिवसभर?' तर न लाजता सांगा, 'शेती करते.'